गणिताची उलटतपासणी

१.१८६५५. अणुभट्टीच्या गाभ्याचं गणित करणारा नवा कोड लिहायला घेतलेल्या कुणालाही हा आकडा लवकरच पाठ होतो, मग तो बोस्टनमध्ये बसलेला असो, सोलमध्ये असो की ट्रॉम्बेत. गंमत म्हणजे हा आकडा ज्या अणुभट्टीचा आहे ती कधी बांधली गेली नाही आणि बांधायचा कुणाचा विचारही नव्हता. ती जन्मली कागदावर आणि राहतेही तिथेच. ‘सी-फाइव्ह-जी-सेव्हन’ हे तिचं नाव. ओईसीडीच्या अणुऊर्जा संस्थेने २००३ साली तिच्यावरचा अहवाल छापला. तेव्हापासून भट्टीचं गणित करणाऱ्या कोडसाठी ती प्रवेशपरीक्षाच होऊन बसली आहे.

परीक्षेचा प्रश्न दिसायला सोपा आहे. एक चौरस गाभा, त्यात इंधनाच्या १६ जुड्या आणि सभोवती पाणी. गाभा सगळीकडून सारखाच असल्याने चतकोर भागच सोडवायचा, म्हणजे चार जुड्या. दोन युरेनियमच्या, दोन प्लुटोनियम मिसळलेल्या, बुद्धिबळाच्या पटासारख्या एकाआड एक. प्रत्येक जुडीत १७ गुणिले १७ खाने. त्यांतल्या २६४ खान्यांत इंधनाच्या कांड्या, उरलेले २५ नियंत्रक कांड्यांच्या नळ्यांसाठी आणि मोजयंत्रासाठी. कांडीची त्रिज्या ०.५४ सेंटिमीटर, शेजारच्या कांडीपर्यंतचं अंतर १.२६ सेंटिमीटर. न्यूट्रॉनच्या वेगाचे सात गट पाडलेले. कुठल्या पदार्थात कुठल्या गटाचा न्यूट्रॉन किती शोषला जातो, किती विखुरतो, किती विखंडन घडवतो, ते सगळे आकडेही प्रश्नपत्रिकेतच छापलेले. त्यामुळे उत्तर चुकलं तर कच्च्या माहितीला दोष देण्याची सोय नाही. चूक सोडवणाऱ्याचीच.

उत्तर म्हणून जो आकडा काढायचा त्याला जगभर ‘के’ म्हणतात. न्यूट्रॉनच्या एका पिढीमागे पुढच्या पिढीत किती न्यूट्रॉन उरतात, ते प्रमाण म्हणजे के. ते बरोबर एक असेल तर साखळी एका पातळीवर चालू राहते आणि भट्टी ‘क्रिटिकल’ झाली असं म्हणतात. एकापेक्षा कमी असेल तर साखळी विझत जाते, जास्त असेल तर भडकत जाते. कागदावरच्या या भट्टीत नियंत्रक कांड्या घातलेल्याच नाहीत, म्हणून तिचा के एकाच्या बराच वर आहे. खऱ्या भट्टीत हे आधिक्य कांड्या आणि पाण्यात विरघळवलेलं बोरॉन गिळून टाकतं.

फरक मोजायचं या लोकांचं एकक बारीक आहे: पीसीएम, म्हणजे एक लाखांश. कुणाचं उत्तर १.१८७०० आलं तर चूक ४५ पीसीएमची. बाहेरच्या माणसाला हा काथ्याकूट वाटेल. पण युरेनियम-२३५ च्या विखंडनात सुमारे ०.६५ टक्के न्यूट्रॉन लगेच बाहेर न पडता काही क्षण, कधी मिनिटभर उशिरा निघतात आणि भट्टी माणसाच्या हातात राहते ती याच उशिरा आलेल्यांमुळे. ते ०.६५ टक्के म्हणजे ६५० पीसीएम. त्या पट्टीवर ४५ हा चौदावा हिस्सा होतो. प्लुटोनियम-२३९ मध्ये ही पट्टी आणखी आखूड, जेमतेम २०० च्या आसपास.

तरीही के जुळला म्हणून कोड पास झाला असं नाही. के हा सगळ्या गाभ्याचा मिळून एक आकडा. डावीकडे झालेली चूक उजवीकडच्या उलट चुकीने खोडली गेली तरी तो जुळतो. म्हणून परीक्षक पुढचा कागद मागतात: चतकोरातल्या सर्व १,०५६ कांड्यांचा वेगवेगळा शक्तिनकाशा. संदर्भ-उत्तरात सर्वांत तापलेली कांडी सरासरीच्या २.४९८ पट शक्ती देते आणि सर्वांत थंड कांडी ०.२३२ पट. युरेनियमची जुडी जिथे प्लुटोनियमच्या जुडीला भिडते, तिथे न्यूट्रॉनची गर्दी एकदोन सेंटिमीटरमध्ये झपाट्याने बदलते, कारण मंद न्यूट्रॉनसाठी प्लुटोनियमची भूक फार मोठी. जुनी, ठोकळेबाज गणितं नेमकी याच सीमेवर घसरतात. खऱ्या भट्टीत इंधनाला धोका पोचतो तो सरासरी कांडीपासून नव्हे, सगळ्यांत तापलेल्या कांडीपासून. त्यामुळे या नकाशातली दोन टक्क्यांची चूक केमधल्या ४५ पीसीएमपेक्षा जास्त बोचते.

पण मग हे संदर्भ-उत्तर आलं कुठून? न बांधलेल्या भट्टीत मोजमाप कसं घेणार? ते उत्तरही संगणकानेच काढलं आहे, फक्त दुसऱ्या वाटेने.

त्या वाटेचा शोध स्टॅनिस्लाव उलाम या पोलिश-अमेरिकन गणितज्ञाच्या आजारपणात लागला. १९४६ साली मेंदूच्या दुखण्यातून उठताना तो एकट्याने पत्त्यांचा डाव लावत बसे. डाव सुटण्याची शक्यता सूत्राने काढणं फार किचकट; त्यापेक्षा शंभर डाव लावून किती सुटले ते मोजावं, असं त्याला वाटलं. आणि पत्त्यांच्या जागी न्यूट्रॉन घेतले तर? जॉन फॉन नॉयमानने मार्च १९४७ मध्ये एका पत्रात या कल्पनेचा तपशीलवार आराखडा मांडला आणि १९४८ मध्ये एनिॲक या अगडबंब संगणकावर पहिली गणितं चालली. निकोलस मेट्रोपोलिसने पद्धतीला नाव सुचवलं मॉन्टे कार्लो, मोनॅकोतल्या जुगाराच्या अड्ड्यावरून. यात समीकरण सोडवत नाहीत. एकेक न्यूट्रॉन सोडतात, तो किती अंतर जाईल, कुणाला धडकेल, शोषला जाईल की विखंडन घडवेल, हे प्रत्येक वळणावर नशिबाच्या आकड्याने ठरवतात आणि असे कोट्यवधी न्यूट्रॉन सोडून सरासरी काढतात. गाभ्याचा आकार कितीही वेडावाकडा असो, तो जसाच्या तसा घेता येतो. सी-फाइव्ह-जी-सेव्हनचं उत्तर एमसीएनपी या मॉन्टे कार्लो कोडने काढलेलं आहे.

यात किंमत मोजावी लागते ती वेळेची. चूक निम्मी करायची तर न्यूट्रॉन चौपट सोडावे लागतात. उत्तरात एक अंक जास्त खात्रीचा हवा असेल तर शंभरपट. वीज बनवणाऱ्या एका मोठ्या दाबित पाण्याच्या भट्टीत १९३ जुड्या असतात. प्रत्येकी २६४ कांड्या धरल्या तर एकूण ५०,९५२. त्यांतली प्रत्येक कांडी उंचीनुसार अनेक तुकड्यांत पाहायची, आणि इंधन जळत जातं तसं दीड वर्षभर पुन्हा पुन्हा पाहायची. रोजच्या कामाला हे परवडत नाही. म्हणून वीजकेंद्रातले अभियंते झटपट कोड वापरतात. ते अख्खी जुडी, म्हणजे वीसएक सेंटिमीटरचा तुकडा, एकजीव लगदा असल्यासारखी धरतात, न्यूट्रॉनचे दोनच गट पाडतात आणि काही मिनिटांत उत्तर देतात. अशी ही उतरंड आहे: झटपट कोडची तपासणी संथ कोडकडून, आणि संथ कोडची कुणाकडून?

हा प्रश्न १९७१ साली अमेरिकेतल्या ओक रिजच्या एलियट व्हाइटसाइड्सने विचारला, तोही जरा मिश्कील शीर्षकाच्या टिपणातून. शीर्षक होतं ‘जगाचा के काढण्यातली अडचण’. त्याने प्लुटोनियमचे गोळे ९ गुणिले ९ गुणिले ९ अशा रचनेत मांडले, एकूण ७२९. सगळे गोळे मिळूनही क्रिटिकल होत नाहीत. मग मधला एकच गोळा काढून त्या जागी एकटाच क्रिटिकल होईल असा गोळा ठेवला. आता के एकाच्या खाली येऊच शकत नाही, हे शाळकरी पोरालाही कळेल. पण संगणकाने एकापेक्षा स्पष्ट कमी उत्तर दिलं, आणि तेही लहानशा संभाव्य चुकीसह, आत्मविश्वासाने. कारण साधं होतं. सोडलेले न्यूट्रॉन ७२९ गोळ्यांत विखुरले, मधल्या गोळ्याच्या वाट्याला मोजकेच आले आणि तिथली आग पेटून दिसेपर्यंत गणित थांबलंही होतं. सगळ्या जगाचा के काढला तर तो एकाहून कमी भरेल आणि कुठल्यातरी कोपऱ्यात चालू असलेली भट्टी नजरेतून सुटेल, हा त्या शीर्षकाचा अर्थ. आजही मॉन्टे कार्लो गणित करणारे पहिल्या काही शे पिढ्या मोजणीत धरत नाहीत. न्यूट्रॉन गाभ्यात आपापल्या जागी स्थिरावले आहेत की नाहीत ते वेगळं तपासतात.

दुसरी भानगड कच्च्या आकड्यांची. सी-फाइव्ह-जी-सेव्हनमध्ये ते दिलेले असतात. खऱ्या भट्टीसाठी ते कुणीतरी मोजलेले असतात आणि एका ठिकाणी संकलित केलेले असतात. अमेरिकेचा असा संग्रह ईएनडीएफ नावाने ओळखला जातो. युरोप आणि जपानचेही आहेत. हे आकडे तपासायला लॉस अलामॉसच्या ‘गोडायव्हा’सारखे प्रयोग वापरतात. १९५०च्या दशकातला हा युरेनियमचा उघडा गोळा होता, साडेसतरा सेंटिमीटर व्यासाचा, सुमारे ५२ किलोंचा. अंगावर परावर्तकाचं कसलंही आवरण नाही, म्हणून दंतकथेतल्या विवस्त्र घोडेस्वार उमरावपत्नीचं नाव त्याला दिलं. फेब्रुवारी १९५७ मध्ये झालेल्या एका अनपेक्षित उसळीत तो निकामी झाला. पण त्याचं माप आणि वजन आजही जगभरच्या संगणकांत भरलं जातं. के एक यायलाच हवा, कारण खरा गोळा क्रिटिकल झाला होता, याला माणसं साक्षी आहेत. अशा हजारो प्रयोगांची छाननी करून त्यांचा एक संग्रह करण्याचं काम १९९२ मध्ये अमेरिकेत सुरू झालं आणि पुढे ते ओईसीडीच्या छत्राखाली आंतरराष्ट्रीय झालं.

इथे मात्र एक चोरवाट आहे. आकड्यांचे संग्रह तयार करणाऱ्यांसमोर गोडायव्हाचं उत्तर असतंच. मोजणीच्या चुकीच्या मर्यादेत आकडे जरा इकडेतिकडे करून ते गोडायव्हाशी जुळवून घेतात, आणि यात लपवाछपवी काहीही नाही. पण त्यानंतर कुणी ‘आमचा कोड गोडायव्हाचं उत्तर अचूक देतो’ असं म्हणाला, तर ती बढाई अर्धीच खरी मानावी. न्यूट्रॉन उसळून किती ऊर्जा गमावतो यातली चूक आणि विखंडनात किती न्यूट्रॉन निघतात यातली चूक एकमेकींना खाऊन टाकत असतील, तर गोळ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. पत्ता लागतो तो वेगळ्या घडणीच्या भट्टीत. वीजभट्ट्यांतल्या कमी समृद्ध युरेनियमच्या बाबतीत असंच झालं. गोळ्यांचं गणित व्यवस्थित जुळत असतानाही पाण्यात ठेवलेल्या अशा इंधनाचा के वर्षानुवर्षं सुमारे ५०० पीसीएमने कमी येत होता. सगळ्यांना ठाऊक होतं. सगळे उत्तरात तेवढी भर घालून पुढे जात. अखेर आंतरराष्ट्रीय गटाने युरेनियम-२३८ चे आकडे नव्याने धुंडाळले आणि २००६ च्या ईएनडीएफ आवृत्तीत ही तूट बहुतांश भरून निघाली. अनुभवाने ठरवलेली भर घालणं हे अभियंत्याला शोभतं, पण त्याला पडताळणी म्हणणं जिवावर येतं.

खऱ्या, चालू भट्टीचे आकडे मिळवणं सर्वांत अवघड, कारण ते व्यापारी गुपित असतं. म्हणून मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटीने २०१३ मध्ये ‘बीव्हर्स’ नावाची मापनमाला खुली केली तेव्हा या क्षेत्रात आनंद झाला. केंद्राचं नाव झाकलेलं, बाकी सगळं उघड: १९३ जुड्यांचा गाभा, कांड्यांची मापं, पहिल्या दोन इंधनफेऱ्यांतली मोजमापं. पहिल्यांदा गरम अवस्थेत, नियंत्रक कांड्या बाहेर ओढून भट्टी क्रिटिकल झाली तेव्हा पाण्यात बोरॉन ९७५ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांमागे ९७५ भाग, होतं. चांगले कोड आता याच्या अगदी जवळ पोचतात. केंद्रात नव्या गाभ्याच्या चाचण्या घेताना ५० पीपीएमपर्यंतचा फरक चालवून घेण्याचा रिवाज आहे, त्या मानाने हे यश मोठं.

पण त्याच मापनमालेत एक खोडी आहे. कागदावर हा गाभा चारही बाजूंनी सारखा. आत फिरवलेल्या मोजयंत्रांना मात्र तो एका अंगाला झुकलेला आढळला; एका चतकोरात शक्ती जास्त, समोरच्या चतकोरात कमी. जुड्यांमधली पाण्याची फट इथे मिलिमीटरभर रुंद, तिथे थोडी अरुंद, असं काहीतरी असावं. आराखड्यात न लिहिलेली गोष्ट कुठलाही कोड कशी सांगणार? आता या आकड्यांशी तुलना करण्याआधी बरेच जण झुकाव काढून टाकलेली मोजमापं वापरतात. ते व्यवहार्य आहे. पण म्हणजे निसर्गाच्या उत्तरपत्रिकेतला एक प्रश्न आपण रद्द करून घेतला, एवढं लक्षात ठेवलं पाहिजे.

कॅनडात असा प्रश्न रद्द करता आला नाही. ओंटारिओ प्रांतातल्या चॉक रिव्हर इथे ‘मेपल’ नावाच्या दोन जुळ्या भट्ट्या उभारल्या गेल्या, प्रत्येकी १० मेगावॉटच्या. काम एकच: मॉलिब्डेनम-९९ बनवायचं. त्यातून निघणारं टेक्निशियम रुग्णालयांत हृदय आणि हाडांच्या तपासण्यांना लागतं. मॉलिब्डेनमचं अर्धायुष्य ६६ तास, साठा करून ठेवणं शक्यच नाही. जगाच्या गरजेचा मोठा वाटा तिथल्याच जुन्या एनआरयू भट्टीवर अवलंबून होता, आणि ती थकली होती. मेपल-१ फेब्रुवारी २००० मध्ये क्रिटिकल झाली.

आराखड्याचं गणित सांगत होतं की शक्ती वाढली की के किंचित घटेल: दर मेगावॉटमागे उणे ०.१२ मिली-के. एक मिली-के म्हणजे १०० पीसीएम. हे उणे चिन्ह फार मोलाचं, कारण भट्टी तापली की आपोआप मंदावते, ही सुरक्षिततेची पहिली पायरी. २००३ मध्ये प्रत्यक्ष चाचणी झाली आणि मोजमाप आलं अधिक ०.२८. चिन्हच उलटं! शक्ती वाढली की भट्टी आणखी जोर धरत होती. वाढ लहान होती, बंद करणाऱ्या यंत्रणांना सहज पेलणारी. पण परवान्याची सगळी मांडणी उणे चिन्हावर उभी होती आणि नियामक आयोगाने खुलासा मागितला.

खुलासा शोधण्यात पुढची पाच वर्षं गेली. भट्टी उभारणाऱ्या सरकारी कंपनीने, एईसीएलने, अमेरिकेच्या ब्रुकहेवन आणि आयडाहो प्रयोगशाळांना आणि अर्जेंटिनाच्या इन्व्हॅपला स्वतंत्र तपासणी करायला सांगितलं. मोजणीतच गफलत झाली असावी म्हणून चाचण्या पुन्हा झाल्या. तापलेल्या इंधनकांड्या किंचित वाकत असाव्यात आणि त्यामुळे भोवतीच्या पाण्याशी त्यांचं नातं बदलत असावं, हा एक तर्क पुढे आला. १६ मे २००८ रोजी प्रकल्प बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला, तोवर कुठलंच कारण निर्विवाद ठरलं नव्हतं. बांधून पूर्ण झालेल्या दोन भट्ट्यांनी एकही ग्रॅम औषधी माल न देता गाशा गुंडाळला. थकलेली एनआरयू पुढे आणखी दहा वर्षं, ३१ मार्च २०१८ पर्यंत ओढावी लागली.

एका कोडने दुसऱ्या कोडच्या उत्तरावर बरोबरची खूण केली, तर ते दोघं एकाच गाईडमधून अभ्यास केलेले विद्यार्थी तर नाहीत ना, हे आधी पाहावं लागतं. वेगवेगळ्या देशांतले कोड बहुधा त्याच दोनतीन संग्रहांतले आकडे वापरतात, आणि गाभ्याचा आराखडा तर सगळ्यांना एकच मिळतो. कांडी सरळ आहे असं आराखड्यात लिहिलं असेल तर सगळ्यांच्या संगणकात ती सरळच राहणार, मग पद्धत मॉन्टे कार्लो असो वा दुसरी.

भारताच्या वाट्याला आलेली अडचण थोडी वेगळी आहे. इथल्या दूरच्या योजना थोरियमवर बेतलेल्या आहेत, आणि बाकी जगाने थोरियमकडे कमी लक्ष दिल्यामुळे त्याच्या आकड्यांची तपासणीही पातळ झाली. ब्रिटनमधल्या विनफ्रिथ इथे तयार झालेला विम्स हा कोड आणि त्याचा ६९ गटांचा आकड्यांचा संग्रह अनेक देशांत वापरात होता. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने तो नव्याने बांधण्याची मोहीम काढली, तिचा अहवाल २००७ मध्ये आला. पण नवे आकडे प्रत्यक्षाशी ताडून पाहायला थोरियमचा गाभा लागतोच.

त्यासाठी मुंबईत जागा होती आणि सवयही. ट्रॉम्बेला ४ ऑगस्ट १९५६ रोजी अप्सरा चालू झाली; १९६१ मध्ये झर्लिना आली, जिचा हेतूच इंधनाच्या निरनिराळ्या मांडण्या तपासण्याचा होता आणि शक्ती अवघी १०० वॉट. त्याच परंपरेत ७ एप्रिल २००८ रोजी भाभा अणुसंशोधन केंद्रात प्रगत जड पाणी भट्टीसाठीची क्रिटिकल फॅसिलिटी चालू झाली. हिचीही नेहमीची शक्ती १०० वॉटच्या आसपास, म्हणजे जुन्या काळच्या एका दिव्याएवढी. टाकीत इंधनाच्या जुड्या टांगायच्या आणि खालून जड पाणी चढवत न्यायचं. पाणी जसजसं वर येतं तसे मोजयंत्रांचे ठोके वाढतात. कुठल्या उंचीला साखळी स्वतःच्या बळावर टिकते, ते सेंटिमीटरमध्ये मोजायचं आणि कोडने आधी सांगून ठेवलेल्या उंचीशी ताडायचं. मग मधली एक जुडी बदलून तिथे थोरियमची ठेवायची आणि उंची किती सरकली ते पाहायचं. अंदाज आधी लिहून ठेवणं इथे महत्त्वाचं. उंची कळल्यावर आकडे जुळवणं कुणालाही जमतं.

१०० वॉटचा फायदा उघड आहे: इंधन तापत नाही, त्यात किरणोत्सारी राख साचत नाही, जुड्या लवकर बदलता येतात. तोटाही तोच. इंधन तापतच नसल्याने शक्ती वाढल्यावर के कुठल्या दिशेला सरकेल, ते या टाकीत कळत नाही. तो आकडा मोठी भट्टी बांधून, तिची शक्ती टप्प्याटप्प्याने चढवत, प्रत्येक टप्प्यावर थांबून मोजावा लागतो.